पोलीस ठाण्याचा थांबा

"सुरत, तीन तिकिटं. या दोघी माझ्या भाच्या," खिडकीजवळची बाई म्हणाली. भाच्या चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या आणि मान वर करत नव्हत्या.

एसटी कंडक्टर सुरमिला पाडवीने मुलींना आपल्या पावरी बोलीत विचारलं, "मावशीचं नाव काय गं?" मुलींनी नकारार्थी माना हलवल्या. मावशीला तर भाच्यांच्या बोलीतला हा प्रश्नच कळला नाही.

गेल्याच महिन्यात आगारात मानवी तस्करीच्या कायद्याचं प्रशिक्षण झालं होतं. संशय आला तरी कळवायचं, पुरावा शोधणं पोलिसांचं काम, एवढं सुरमिलाच्या पक्कं लक्षात होतं. ती ड्रायव्हरच्या कानाशी वाकली. "दादा, गाडी पोलीस ठाण्यात घ्या."

गाडी वळताच बाई दाराकडे धावली, पण सुरमिलाच्या हाकेसरशी प्रवासी वाट अडवून उभे राहिले.

ठाण्यात थोरली मुलगी पहिल्यांदा बोलली. "आमच्या पाड्यावरच्या चौघींना हिच्याच माणसांनी सकाळी जीपने नेलं. जीपचा नंबर मी पाठ केलाय."

संध्याकाळी परतीच्या फेरीत इन्स्पेक्टरचा फोन आला. जीप राज्याच्या सीमेवर सापडली होती आणि चौघी सुखरूप होत्या. सुरमिलाने ते ऐकवलं, तसा ड्रायव्हरदादांनी थेट आगारापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.