वड्यांची पाटी

"शाळेत जाईल ती," अझुमी आजी म्हणाली, "मग वडे कोण विकणार? तू?"

"मी विकीन," मैरो म्हणाली.

आजीचा झारा कढईतच थांबला. दारात आजीची नात लाराई उभी होती, दहा वर्षांची. आठ दिवसांपासून तिने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मैरोच्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. ती आता मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

मैरो ट्रेनिंग कॉलेजातून पहिल्यांदाच नेमणुकीवर आली होती. वय एकोणीस. गावातल्या मुलींच्या शाळेची ती एकुलती एक शिक्षिका. वर्गात बारा मुली होत्या, त्यातल्या सहाच उरल्या होत्या. मुख्याध्यापक मालम गर्बा शेजारच्या मुलांच्या शाळेतून दोन्हीकडचा कारभार बघायचे. ते स्पष्ट म्हणाले होते, "महिनाअखेर दहा दिसल्या नाहीत तर वर्ग बंद. आणि घरोघर फिरू नका, बाई. शिक्षकाला शोभत नाही."

आजीने कढईतले शेवटचे वडे काढले. चवळीचे, वरून लाल, कडेला कांद्याचे तुकडे जळालेले. पाटी भरली, गवताचं विणलेलं झाकण ठेवलं आणि पाटी मैरोच्या पुढ्यात सरकवली.

"आज सुट्टी आहे ना तुझ्या शाळेला? ही रिकामी करून आण. मग बोलू."

मैरोने ओढणीची चुंबळ केली, गुडघ्यावर बसली आणि पाटी डोक्यावर घेतली. उठताना तिचा हात पाटीला लागलासुद्धा नाही. ते बघून आजीच्या भुवया वर गेल्या.

थंडीचे दिवस होते. उत्तरेच्या वाऱ्याने सगळ्या गावावर धुळीचा पडदा धरला होता. गल्लीत मैरोचा आवाजच फुटेना. लहानपणी आईच्या भाजक्या शेंगा घेऊन ती अशीच हिंडली होती, पण तेव्हा तिला कोणी 'बाई' म्हणत नव्हतं. मशिदीच्या भिंतीपाशी ती थांबली, घसा खाकरला आणि ओरडली, "वडे, गरम वडे!" आवाज जरा चिरकला. दुसऱ्यांदा बरा निघाला.

बाजारात तर करमणूकच झाली.

"काय हो मास्तरीणबाई," खाटिक म्हणाला, "सरकार पगार देत नाही का?"

"देतं. पण सरकारला वडे तळता येत नाहीत."

आजूबाजूची माणसं हसली. खाटकाने चार घेतले. शिंप्याने मशीन थांबवलं. "वड्यांबरोबर अक्षरंपण मिळतात का?"

"मिळतात की. उद्या मुलीला पाठवा."

"माझ्या मुलीला?" शिंपी म्हणाला आणि पुन्हा मशीन चालवायला लागला. पण वडे त्यानेही घेतले. लॉऱ्यांच्या अड्ड्यावर एका ड्रायव्हरने तिला न्याहाळून विचारलं, "तुझ्या बापाला हे ठाऊक आहे का?" मैरोच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी तिने पाटी उतरवली नाही. उरलेले वडे त्याच्या क्लीनरने घेतले.

ती परतली तेव्हा आजी दारातच बसली होती, धापा टाकत. पांघरलेल्या वस्त्राचा पदर धुळीने भरला होता.

"आजी, रिकामी झाली पाटी."

"माहीत आहे. मशिदीपासून तुझ्या मागंच होते मी." आजीने पाटी हातात घेऊन झटकली. "खाटकाला एक वडा जास्त दिलास. तसं द्यायचं नसतं. तो रोज मागतो."

"चुकलं."

"आणि आवाज पोटातून काढायचा, गळ्यातून नाही." आजीने पाटी भिंतीला टेकवली. मग म्हणाली, "उद्या येईल ती."

दुसऱ्या दिवशी मैरो शाळेत पोचली, तेव्हा वर्गाबाहेर मुलींची ही गर्दी. सहा नेहमीच्या, लाराई, आणि मागे नऊ नव्या. प्रत्येक नवीच्या डोक्यावर काहीतरी होतं. भाजक्या शेंगा, टोमॅटो, चघळायच्या कोलाच्या बिया, ताकाने भरलेलं भोपळ्याचं भांडं. लाराईकडे वडे होते.

"हे काय गं?"

"आजी काल सगळ्या गल्लीत सांगून आली," लाराई म्हणाली. "पोरगी शाळेत पाठवली की बाई माल विकून देतात म्हणून."

शिंप्याची मुलगी सगळ्यांत मागे होती. तिच्या पाटीत नुसत्या चिंध्या होत्या.

मैरोला हसावं की रडावं कळेना. तिने एकेकीची पाटी उतरवून घेतली आणि ओसरीवर भिंतीला लागून मांडली. मुलींना आत बसवलं. मधल्या सुट्टीत मुलांची शाळा सुटते, मास्तर लोक भुकेले असतात, पलीकडे दवाखानाही आहे. होईल काहीतरी. तिने वही उघडली आणि एकेक नवं नाव विचारून लिहायला घेतलं. एका मुलीला स्वतःचं नाव सांगतानाही लाज वाटत होती. मैरो तिच्या शेजारी जाऊन बसली. मुलीने कानात सांगितलं, तेव्हा मैरोने ते लिहिलं.

तेवढ्यात बाहेर सायकल थांबल्याचा आवाज आला. मालम गर्बा ओसरीच्या टोकाला उभे होते. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्यांनी सगळ्या पाट्या पाहिल्या.

"बाई, हे काय आहे?"

मैरो वही छातीशी धरून दारात आली.

"हजेरी," ती म्हणाली.

मालम गर्बांनी आत डोकावून पाहिलं. ओठ हलवत मोजलं. मग त्यांनी अंगरख्याच्या रुंद बाह्या खांद्यावर टाकल्या, खाली वाकले आणि ऊन चढायच्या आत एकेक पाटी उचलून सावलीत ठेवायला लागले.