विझलेले जिवाणू

जळगावच्या प्रयोगशाळेत मयुरी पाण्यातलं विष शोधायची. तिचे चमकणारे जिवाणू चांगल्या पाण्यात काजव्यांसारखे उजळत आणि विषारी पाण्यात विझत. धुळ्याकडच्या तिच्या मावशीच्या गावातल्या विहिरीचं पाणी त्यांच्यावर टाकलं, तर ते पाच मिनिटांत विझले. तिच्या अहवालावरून विहीर बंद झाली आणि गावातल्या बाया भर उन्हात दोन किलोमीटरवरून हंडे आणू लागल्या.

तीन महिन्यांनी गावाने तिचा सत्कार ठेवला. वाटेत त्या हंडेवाल्या बाया दिसल्या, तेव्हा तिची मान आपोआप खाली गेली. निदान जीव तर वाचले, अशी तिने मनाची समजूत घातली. तरी एक गोष्ट टोचतच होती. नमुना स्वतःच्या हाताने घ्यायचा नियम असताना, उन्हाचा कंटाळा करून तिने प्रयोगशाळेची कोरी बाटली एसटीने मावशीकडे पाठवली होती. आणि कागदावर मात्र 'नमुना स्वतः घेतला' असं लिहून खुशाल सही ठोकली होती.

सरपंच अभिमन आबांनी तिच्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या थांबायच्या आत प्रमिला मावशी सुजलेला गुडघा सांभाळत जवळ आली आणि मोठ्या कौतुकाने तिच्या कानाशी लागली.



"बेटा, तुना तठे बठ्ठं इखनंच, जहरनंच काम शे ना, म्हनीसन पानी भराना आगोदर तुनी बाटली मी रातभर ब्लिचिंग पावडरमा भिजाडी ठेयेल व्हती!"