पाठातले पाच थांबे

कलमसर तिसऱ्यांदा गप्प झाले, तेव्हा परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिलं. बारा सेकंद. गुणपत्रिकेवर त्यांनी आणखी एक फुली मारली. पाठ अडला की अर्धा गुण वजा, असा नियम होता.

पाठ गुटी कलमाचा, म्हणजे झाडावरच्या फांदीला तिथेच मुळं फोडून नवं रोप करण्याचा होता. टेबलावर कुंडीतलं डाळिंब. सरांनी एका फांदीची बोटभर साल गोल काढली होती आणि आता ते मागच्या भिंतीकडे बघत उभे होते. मुलं एकमेकांना कोपरं मारत होती.

"नाही, मरत नाही," सर एकदम म्हणाले. "पाणी आतल्या लाकडातून वर जातं. सालीतून पानांचं अन्न खाली येतं, ते इथे अडतं. म्हणून मुळं इथेच फुटतात."

कुणी काही विचारलंच नव्हतं. पहिल्या बाकावरचा एक जण फिसकन हसला. सर पुन्हा भरभर बोलू लागले. हात मात्र सराईत होते. ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन गाठी.

नऊ वर्षं ते दुसऱ्या एका शाळेत शेती शिकवत होते, तेही हंगामी म्हणून. सोबतच्या उमेदवारांनी त्यांना 'कलमसर' हे नाव ठेवलं होतं. यंदा शेतीशिक्षकाची पात्रता मिळाली नाही तर शाळा नारळ देणार होती. आणि परीक्षेची ही शेवटची संधी होती.

घंटा झाली. एकूण पाच फुल्या. बाईंनी बेरीज केली. दोन गुण कमी पडत होते.

वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी सरांना समोर बसवलं.

"पाच वेळा अडलात. विसरत होता का?"

"विसरलो नाही, मॅडम. थांबलो. घरी बायकोसमोर सराव केला होता. त्या त्या जागी ती मला अडवायची. म्हणायची, अहो, जरा दम घ्या, सुसाट काय सुटलात! एवढं सोलल्यावर झाड मरत नाही होय? असं."

"मग आज त्यांनाच आणायचं की वर्गात."

"गेल्या महिन्यात गेली ती."

बाईंनी पुन्हा गुणपत्रिकेकडे पाहिलं. दया आली म्हणून गुण द्यायला गुणपत्रिकेत रकाना नव्हता, आणि त्या तसे देणाऱ्याही नव्हत्या. मुलांनी या पाठात टिपणं घेतलेल्या चार-पाच वह्या तपासायच्या मात्र राहिल्या होत्या. त्यांनी गठ्ठा पुढे ओढला.

पहिल्या वहीत पाच टिपणं होती. दुसरीतही पाच. फिसकन हसलेल्या पोराच्या वहीतही तीच पाच, गिचमिड अक्षरात. पाणी आतल्या लाकडातून वर जातं. अन्न इथे अडतं. सरांच्या भरभर बोलण्यातला एकही शब्द कुणी उतरवून घेतला नव्हता. जे होतं ते सगळं थांब्यांनंतरचं होतं.

बाईंनी पाचही फुल्या खोडल्या आणि प्रत्येकीशेजारी सही केली.

सरांना काहीच उमगेना. "तिला शेतीतलं ओ की ठो कळत नव्हतं, मॅडम," ते माफी मागितल्यासारखे म्हणाले.

बाईंनी निकालाच्या जागी 'पात्र' असं लिहिलं.

"या वर्गाला तरी कुठे कळत होतं?"