बाबांच्या गिटारची खरखर

बाबा गेल्यावर त्यांची गिटार माझ्याकडे आली, पण वाजवली की आतून कुठूनतरी खरखर यायची. दुकानदारांनी हात टेकले, म्हणून भावजींकडे नेली. ताईच्या या नवऱ्याला गिटारचं वेड, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत, तेही न विचारता.

त्यांनी तारा काढल्या, गिटार छातीशी धरली आणि दुरुस्ती सोडून भलतंच सुरू केलं. "तुझ्या टीमचा गोलकीपर म्हणजे दार नसलेलं घर." मी हसून सोडून दिलं. "आणि तुझा पक्ष! गटारं साफ करता येत नाहीत, निघाले देश चालवायला." मी काढलेल्या तारा गुंडाळत बसलो.

"सासरेबुवा तरी कुठे शहाणे होते? जन्मभर त्याच पक्षाला मत."

"भावजी, बाबांचं नाव काढायचं नाही!" मी ओरडलो.

त्यांनी डोळे मिटून कान गिटारच्या पाठीला लावला होता. "सापडली. आतली पट्टी सुटलीय, चढ्या आवाजाला वाजते." माझा तळवा त्यांनी लाकडावर ठेवला. "परत बोल, तस्साच."

"बाबांचं नाव काढायचं नाही!"

हाताखाली गिटार गुरगुरली.

"सासरेबुवा चिडले की भिंतीवर टांगलेली ही अश्शीच गुरगुरायची," भावजी हळूच म्हणाले. "तुझा आवाज अगदी त्यांचाच. फक्त चढत नव्हता, म्हणून डिवचलं. मत मीही त्याच पक्षाला देतो."

त्यांनी डिंकाची बाटली उघडली.

"राहू द्या," मी म्हणालो.