पोछ्याचं ऊन

“पोछ्याले ऊन नाई देलं त वास येते, किडे पडतेत,” भागीरथाबाई म्हणाल्या आणि त्यांनी उकळत्या पाण्यात कडुनिंबाचा पाला टाकला.

सून दिव्या शेजारी बसून रिठे फोडत होती. या घरात फरशी पुसायच्या पोछ्याचे भारी लाड. निंबाच्या पाण्यात उकळायचा, रिठ्याच्या फेसात चोळायचा, डागावर लिंबू घासायचं, मग अंगणातल्या तारेवर उलटसुलट वाळवायचा. अख्ख्या आमगावात असा पोछा सापडायचा नाही, असं बाई स्वतःच सांगत.

पोछे जुन्या पांढऱ्या चादरीचे. त्याच चादरीचे तुकडे दिव्याला पाळीसाठी मिळत. त्यांना मात्र ऊन दाखवायचं नाही. न्हाणीमागे पोत्याखाली ते दडपून ठेवायचे, ओले असले तरी. पॅडचं तर नावच काढायची सोय नव्हती. वापरलेले पॅड पुरले तरी कुत्रे उकरून रस्त्यावर आणतात म्हणे.

दोन महिने दिव्याला आग आणि खाज सोसवत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “कपडा उकळ, कडक उन्हात वाळव. नाही तर दुखणं गर्भपिशवीपर्यंत जाईल.”

तिने धीर करून विचारलं, “आई, माझे कपडे तारेवर टाकू काय?”

“तारेवर? तो काय पोछा होय?”

दिव्याला त्या पोछ्यांचा हेवा वाटला.

पाळी संपल्यावर, सासू बाजाराला गेलेली पाहून तिने आपला एक कपडा निंबाच्या पाण्यात उकळला, रिठ्याने धुतला, त्यावर लिंबू घासलं आणि पोछ्यांच्या मधोमध टाकून दिला. एकाच चादरीचे तुकडे, कोण ओळखणार? दुपारपर्यंत कपडा खडखडीत वाळला. ती काढायला गेली, तर भागीरथाबाई पिशवी घेऊन अंगणात उभ्या.

त्यांनी एकेक पोछा ओढून नाकाला लावला. दिव्याच्या कपड्यापाशी त्यांचा हात थांबला.

“कसा सफेद निघाला. वासही नाई.”

तो घेऊन त्या थेट देवघरात गेल्या. देवासमोरची फरशी त्यांनी दोनदा पुसली, मग गुडघे टेकून कोपरे पुसले. दिव्या दारात उभी होती. तिला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

“काय पाहून राहिली? घे, धुऊन तारेवर टाक,” सासूने कपडा तिच्या हातात दिला. “आता हा देवाचा. अन् तुह्या त्या पाच दिवसांत याले हात लावू नको, विटाळ होते.”