आधी पाहिलं त्याचं

"साखर तुझ्याकडेच राहिली बघ, साडू," याफेत म्हणाला.

डबा द्यायला मानासेने मान वर केली आणि त्याचा हात अर्ध्यावर थांबला. स्टोव्हच्या पलीकडे, दगडावर, याफेत त्याच्याकडे तोंड करून बसला होता. मांडीवर आडवी बंदूक. त्याच्या पाठीमागे दोनशे पावलांवर, ओढ्याच्या दरडीशी, धुक्यातून एक पांढरं अस्वल बाहेर आलं होतं.

"घे," मानासे म्हणाला आणि डबा त्याच्याकडे टाकला.

ओरडायला हवं होतं. गावात अस्वल मारणाऱ्याचं नसतं, आधी पाहणाऱ्याचं असतं. पाहिलं की ओरडायचं, सोबत्याने ऐकलं की कातडं ठरलं. गोळी कुणाचीही असो. मानासेने पाच वर्षांत दोन अस्वलं मारली होती. दोन्ही कातडी याफेतच्या घरी होती.

गेल्या वर्षी तो पहिल्यांदा आधी ओरडला, पण तीनशे पावलांवरून. ओरडण्याने बुजून अस्वल पाण्यात शिरलं, दिसेनासं झालं. दुसऱ्या दिवशी तेच अस्वल पलीकडच्या काठावर याफेतला दिसलं. निसटलेल्या अस्वलावर आधीची हाक चालत नाही.

या वर्षी सरकारी परवानगीतलं, गावाच्या वाट्याचं एकच अस्वल उरलं होतं. मानासेचा मुलगा मिकाएल येत्या हिवाळ्यात पहिल्यांदा बर्फावर शिकारीला जाणार होता, आणि त्याच्यासाठी अस्वलाच्या कातड्याची विजार घरात नव्हती. साठ पावलांत येऊ दे, मानासेने ठरवलं. मग ओरडायचं.

"तुझी बायको काय म्हणते, आबेलोने?" त्याने विचारलं.

"तुझी मेहुणीच ती. ओरडते. तुझी?"

"माझी बोलतच नाही."

"नशीबवान आहेस लेका!" याफेत खदखदून हसला.

अस्वल चार पावलं पुढे आलं. हसणं थांबलं तसं तेही थांबलं. मानासेने पुन्हा करून पाहिलं. बोलणं चालू असलं की ते चालायचं, गप्प बसलं की उभं राहायचं. कुणीतरी भिंतीला कान लावून ऐकावं तसं. खाडीवरचे पक्षी केव्हाच गप्प झाले होते.

याफेतने कप तोंडाशी नेला आणि तो तसाच धरून राहिला.

"काय रे?"

"काही नाही. चटका बसला."

दीडशे पावलं. वारा पडलेला होता. मानासेच्या मांडीवरच्या बंदुकीत गोळी होती, सुरक्षेचा खटका मात्र लावलेला. तो अंगठ्याने सोडवायचा तर आवाज होणार होता. शेजारच्या तंबूतून आणखी काहीतरी आणण्याच्या निमित्ताने उठावं, म्हणजे खटक्याचा आवाज झाकला जाईल, असं त्याला वाटलं.

"बस, बस," याफेत घाईने म्हणाला. "काय हवंय? सीलचं मांस? हे घे, माझ्यातलं खा."

"तुझ्यातलं? आज सूर्य कुठे उगवला?"

"तो मावळतोय कुठे या उन्हाळ्यात, उगवायला!" दोघेही हसले. गरजेपेक्षा जरा जास्तच हसले.

शंभर पावलं. अस्वलाचे खांदे हलत होते, डोकं मात्र एका रेषेत येत होतं. त्या रेषेच्या टोकाला याफेतची मान होती.

"साडू, मिकाएलला विजार झाली का?" याफेतने विचारलं.

"कशाची होतेय."

"माझी जुनी आहे. गुडघ्यात झिजलीय, पण ऊब आहे. घेऊन जा." त्याचा आवाज उतरला होता. "आधीच द्यायला हवी होती. मागची दोन्ही कातडी... जाऊ दे. पोरगा चांगला आहे तुझा."

मानासेला वाटलं, आता, आत्ता ओरडावं. याफेत बाजूला झेप घेईल, अस्वल पळेल, संपलं. घरी जुनी विजार येईल. साडवाची उतरलेली. मिकाएल ती घालेल आणि अख्ख्या गावाला कळेल कुणाची ते.

"कॉफी ओत अजून," तो म्हणाला.

"ओततो. तू हलू नकोस."

ऐंशी. सत्तर. गोट्यांवर पंजे पडत होते तरी आवाज नव्हता. याफेत कॉफी ओतत राहिला, कप भरून वाहिला, तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो आबेलोनेच्या भावाच्या बोटीची कसलीशी हकिगत सांगत होता, एकच वाक्य पुन्हा पुन्हा. मानासे हुंकार देत होता. आपण माणसाच्या जिवावर गप्प बसलो आहोत, हे त्याला स्वच्छ कळत होतं. साठ पावलं झाली. अजून थोडं, तो मनात म्हणाला. चुकायला नको.

चाळीस.

त्याने खटका सोडवला आणि बंदूक खांद्याला लावली.

"अस्वल!" तो ओरडला. "मी आधी पाहिलं!"

त्याच क्षणी, तेच शब्द, याफेतही ओरडला. त्याने मागे वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं. त्याच्या बंदुकीची नळी मानासेच्या कानाशेजारून मानासेच्या पाठीमागे रोखलेली होती.