कंबरेचं दुखणं

मेडिकल बोर्डाच्या खोलीत बाई डॉक्टर बसलेली पाहून सकिनाला जरा धीर आला. ओमानमध्ये, रुसैलच्या खजुराच्या कारखान्यात ती दिवसभर उभ्याने खोकी उचलायची, आणि खोकं उचललं की तिचं अंग, गर्भाची पिशवी, बाहेर यायचं. मग बाथरूममध्ये जाऊन ते हाताने आत सारायचं, फडक्याची घडी दाबून बांधायची आणि परत कामाला लागायचं. कारखान्याच्या दवाखान्यात पुरुष डॉक्टर. त्याला ती वर्षानुवर्षं "कंबर दुखते" एवढंच सांगत आली होती, आणि कागदोपत्री तेवढंच नोंदलं गेलं होतं.

आज मात्र ती मनाचा हिय्या करून आली होती. बोर्डाने 'कामास असमर्थ' म्हटलं तर विम्याचा भत्ता सुरू होणार होता. नाही म्हटलं तर उद्या पुन्हा खोकी. डॉक्टर ओमानी, म्हणून इंग्रजीत सांगायला तिने लेकीला, समरीनला, शाळा बुडवून आणलं होतं. कंपनीने पाठवलेला यूनुस तिची फाइल घेऊन भिंतीपाशी बसला होता. तो तिच्याच गावचा, रत्नागिरीकडचा, भला माणूस.

"काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा," डॉक्टरने समरीनकरवी विचारलं.

सकिनाने यूनुसकडे पाठ केली. "आंग भायेर येता माजा," ती हळूच म्हणाली.

समरीन अडखळली. घरात हे असलं तिच्या कानावर कधी पडूच दिलं नव्हतं. "हर बॉडी... कम्स आउट?"

डॉक्टरच्या कपाळाला आठी पडली. "आउट? फ्रॉम वेअर?"

"कुठून बाहेर येतं, अम्मी?"

सकिनाचा हात ओटीपोटाकडे गेला आणि मध्येच थांबला. यूनुसची मान खाली गेली होती, कान लाल झाले होते. त्याला सगळं कळलं होतं. गावच्या बाईची अब्रू राखायला तोच पुढे झाला.

"बॅक पेन, डॉक्टर," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "आमच्याकडे असंच बोलतात."

'बॅक पेन' सकिनाला चांगलंच ओळखीचं होतं. तिला नाही म्हणायचं होतं. पण मग काय ते सांगावं लागलं असतं, पोरीच्या तोंडून, त्याच्यादेखत. शरमेने तिचा जीव अर्धा झाला.

डॉक्टरने फाइल चाळली. सगळीकडे तेच होतं. तिने सकिनाला वाकायला लावलं. सकिना वाकली, बोटं पायांना टेकली. आतली घडी सरकली.

"गुड," डॉक्टर म्हणाली आणि 'कामास योग्य'चा शिक्का मारला.

बाहेर आल्यावर यूनुस तिच्याकडे न बघता म्हणाला, "पुढच्या वेळी बघू, भाबी, इन्शाल्ला." आणि तो टॅक्सी थांबवायला गेला. सकिना मांड्या आवळून भिंतीला टेकली. सगळं संपल्यासारखं तिला वाटलं.

"अम्मी, ते तू म्हणालीस ना, अंग," समरीनने विचारलं, "म्हणजे नक्की काय?"

सकिनाने तिच्या डोक्यावरची ओढणी नीट केली.

"कंबर," ती म्हणाली.